रांगोळीतला जमाखर्च

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मग सांगते. आणि हातात चहा असेल तर घोट गिळून घ्या. मागे हाच किस्सा नणंदेला सांगत होते तर तिला असा ठसका लागला की पाठ थोपटायला शेजारीण बोलवावी लागली, आणि दोष कुणाला? मला.

तर झालं असं, की मी माझ्याच हौसेने, पहाटे सहाला बसून, चार तास कंबर मोडून आमच्या बचत गटाचं नुकसान करून ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच. मी फक्त हाताऐवजी रांगोळी दाखवली.

आम्ही राहतो भाईंदर पूर्वेला, खारीत. माझं माहेर संगमेश्वरकडचं, पण लग्न होऊन इथे आले त्याला आता तीस वर्षं होतील. गटात आम्ही दहा जणी. सगळ्यांची नावं सांगत बसले तर चहा गार होईल, म्हणून तिघींचीच सांगते. एक मी, मंदा. पोह्याचे पापड आणि कुळथाचं पीठ करते, आणि गटाची अध्यक्ष आहे. अध्यक्ष का? तर माझा आवाज मोठा आहे. दुसरी निवडच झाली नाही.

दुसऱ्या ज्योत्स्नाबेन, आमच्याच बिल्डिंगमधल्या. खाकरे करतात आणि गटाचा हिशोब ठेवतात. लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही आहे, तिला त्या चोपडी म्हणतात, आणि त्या चोपडीत गेलेला आकडा देव आला तरी बदलत नाही.

आणि तिसरी फिलोमिना, म्हणजे आमची फिलू. उत्तनची. तिचा बॉटल मसाला हाच खरं तर आमचा गट, बाकी आम्ही सगळ्या तिच्या मागची वरात. वीस-पंचवीस जिन्नस कडक उन्हात वाळवायचे, एकेक वेगळा भाजायचा, कांडायचा आणि मग गडद रंगाच्या बाटल्यांत ठोकून ठोकून भरायचा. बाटल्या मुळात कशाच्या असतात ते विचारू नका. पण तो मसाला एकदा कालवणात पडला की माणूस दुसऱ्या मसाल्याकडे बघत नाही.

आता अडचण होती कांडपाची. आमचं स्वतःचं यंत्र नाही, त्यामुळे सगळं गिरणीत न्यायचं. उन्हाळ्यात तिथे अख्खं भाईंदर मिरची घेऊन उभं. त्यात दोन वर्षांपूर्वी गिरणीवाल्याने आमच्या आधी कुणाची तरी हळद कांडली आणि यंत्र न पुसताच फिलूचा मसाला आत ओतला. अख्खा घाणा वाया गेला. फिलू गिरणीच्या पायरीवर बसून रडली. फिलू, जी समुद्रावर वादळात नवऱ्याची वाट बघताना रडत नाही, ती मसाल्यासाठी रडली. मला फार लागलं ते. त्या दिवशी मी ठरवलं की गटाचं स्वतःचं कांडप यंत्र आणायचंच.

आणि संधी आली. एक संस्था होती, ती बायकांच्या गटांना यंत्रं, अवजारं वगैरे द्यायची. त्या वर्षी आमच्या भागात एकच कांडप यंत्र देणार होते आणि त्यासाठी गट होते तीन. आमचा, एक काशीगावचा आणि एक वरसाव्याचा. अट एकच. गटाचं उत्पन्न कशाकशातून येतं आणि खर्च कशाकशावर होतो, याचे दोन आलेख काढायचे आणि संस्थेच्या मॅडम येतील तेव्हा ते नीट समजावून सांगायचे.

आलेख म्हटल्यावर मी माझ्या लेकीकडे गेले. प्राची ऑफिसात असलीच कामं करते. तिने ज्योत्स्नाबेनच्या चोपडीवरून अर्ध्या तासात लॅपटॉपवर दोन गोल काढले आणि मला समजावलं, "आई, जेवढा वाटा तेवढा तुकडा. बास, एवढंच आहे."

एवढंच होतं हो. उत्पन्नाच्या गोलात रुपयातले बारा आणे फिलूच्या मसाल्याचे. दोन आणे माझे पापड-पीठ, दीड आणा खाकरे, आणि उरलेला अर्धा आणा संक्रांतीला हळदीकुंकवाची वाणं बांधून देतो त्याचा. खर्चाच्या गोलात आठ आणे कच्चा माल, पाच आणे कांडप, दोन आणे पॅकिंग आणि एक आणा प्रवास. तो पाच आण्यांचा कांडपाचा तुकडा दाखवला की काम झालं. आंधळ्यालाही कळलं असतं की ह्या बायकांना यंत्राची गरज आहे.

प्राचीने मला वाक्यंही लिहून दिली. 'या आलेखावरून असे दिसते की', 'सर्वाधिक वाटा', 'त्याखालोखाल', 'सर्वात कमी'. मी ती पापड लाटताना पाठ केली. घरात कोणी काही विचारलं तरी तोंडातून तेच यायचं. ह्यांनी विचारलं भाजी काय आहे, तर म्हटलं, सर्वाधिक वाटा बटाट्याचा, त्याखालोखाल वांगं.

इथपर्यंत सगळं छान होतं. आता माझी अक्कल ऐका.

प्राचीने रंगीत कागद छापून आणला. बघितला, आणि मला तो काही आवडला नाही. वहीच्या पानाएवढा कागद. तीन गट, तिघींचे तसलेच कागद. मग आमचं वेगळेपण काय? आणि मी कोण? खारीतल्या हळदीकुंकवाच्या रांगोळी स्पर्धेत लागोपाठ पाच वर्षं पहिली. सहाव्या वर्षी मला परीक्षक केलं, कारण बाकीच्या बायका भाग घेईनात. मग एवढी कला हाताशी असताना कागद कशाला? मी दोन्ही गोल रांगोळीत काढायचं ठरवलं. प्राची म्हणाली, आई नको. मी म्हटलं, तुला काय कळतंय.

सोसायटीच्या ऑफिसची फरशी धुऊन घेतली आणि पहाटे सहाला बसले. दोन गोल, प्रत्येकी चार फुटी. आधी पांढऱ्या रांगोळीने कडेने नावं लिहिली. मोत्यासारखं अक्षर. प्रत्येक नावाशी चित्र. कच्च्या मालाशी मिरची, कांडपाशी मुसळ, पॅकिंगशी पिशवी आणि प्रवासाशी एक गोंडस रिक्षा, अगदी मीटरसकट. टक्के-बिक्के काही लिहिले नाहीत. रांगोळीत आकडे बरे दिसत नाहीत.

उत्पन्नाचा गोल घेतला पहिला. प्राचीच्या कागदाप्रमाणे रेघा आखल्या आणि लांब उभं राहून बघितलं. शी! एका बाजूला हा अवाढव्य तुकडा आणि दुसऱ्या बाजूला तीन चिंचोळ्या फाका. रांगोळी कशी चारी अंगांनी सारखी हवी. ही तर एका बाजूला कलली होती. माझ्या हाताला ते सहनच होईना. म्हटलं, नावं तर लिहिलीयेत ना, वाटा कोण मोजत बसतंय? पुसल्या रेघा आणि काढल्या चार सारख्या पाकळ्या. मध्ये छोटंसं कमळ. काय दिसत होतं म्हणून सांगू तुम्हाला.

मग खर्चाचा गोल. ह्यात मात्र मी शहाण्यासारखी कागदाप्रमाणे चालले होते. लाल भरला, पिवळा भरला, हिरवा भरला. शेवटी राहिला कांडपाचा जांभळा. डबा उघडला तर तळाशी वाटीभर रंग. दिवाळीत मोर काढला होता ना, त्याच्या पिसाऱ्यात सगळा जांभळा गेला होता. आता पाच आण्यांची जागा आणि एक आण्याचा रंग. घड्याळात साडेनऊ, मॅडम येणार अकराला, रंगवाल्याचं दुकान उघडतं साडेदहा-पावणेअकराला.

माझ्याकडे हिरवा रंग मात्र भरपूर होता. किलोभर. आणि हिरवा होता कुठे? कांडपाच्या शेजारीच, प्रवासात. मग अडलंय काय? मधली पांढरी रेघ बोटाने पुसली, जरा सरकवली आणि हिरवा पसरवत नेला. जांभळा पुरला, हिरवा संपला, एक दाणा उघडा राहिला नाही. मी स्वतःवरच खूश झाले. अहो, एवढी खूश की उठून त्या रिक्षाला दोन हेडलाइटही काढले.

हे सगळं करताना प्राचीचा कागद कुठे होता? माझ्या पर्समध्ये. घडी घालून.

साडेदहाला ज्योत्स्नाबेन आल्या आणि बघतच राहिल्या. "मंदाबेन, एकदम फर्स्ट क्लास!" आल्या त्या सरळ उत्पन्नाच्या गोलापाशी गेल्या, खाकऱ्याच्या पाकळीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा जो फुलला. मला वाटलं कमळ आवडलं. मग फिलू आली, घामाघूम, पिशवीत मॅडमसाठी मसाल्याची बाटली घेऊन. ती एकदा ह्या गोलाकडे बघे, एकदा त्या गोलाकडे, एकदा माझ्याकडे. मी म्हटलं, मसाल्याच्या धुराने डोळे चुरचुरत असतील.

अकराच्या ठोक्याला सबनीस मॅडम आल्या. चाळिशीच्या, साध्या सुती साडीतल्या, हातात फॉर्म. रांगोळी बघून त्या दारातच थांबल्या. म्हणाल्या, असा आलेख मी आयुष्यात पाहिला नाही. मी म्हटलं, आता यंत्र आपलंच. आणि फुशारकीत बोलून गेले, "मॅडम, चोपडीत जसा आहे तसा हिशोब फरशीवर उतरवलाय. काडीचा फरक नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. ह्याच वाक्याने माझा घात केला.

मग मी लाटणं घेतलं, पट्टीसारखं, आणि सुरू केलं. या आलेखावरून असे दिसते की आमच्या गटाच्या उत्पन्नात सर्वाधिक वाटा… आणि लाटणं मसाल्याच्या पाकळीवर ठेवलं. ठेवलं आणि बघितलं. चारही पाकळ्या तंतोतंत सारख्या. मापूनच काढलेल्या ना! आता सर्वाधिक कुणाला म्हणू? मॅडम पेन उघडून वाट बघतायत. मी लाटणं गोलभर फिरवलं आणि म्हटलं, "सर्वाधिक वाटा सगळ्यांचाच आहे."

मॅडमनी मान डोलावली. म्हणाल्या, म्हणजे उत्पन्न चारी बाजूंनी सारखं येतंय, हे फार चांगलं आहे, एकाच गोष्टीवर अवलंबून असणं धोक्याचं. त्यांनी लिहूनही घेतलं. माझ्या मागे फिलूचा श्वास मला ऐकू आला.

मी घाईने दुसऱ्या गोलाकडे वळले. पाठ केलेलं जोरात म्हटलं, म्हणजे विचार करायला वेळच नको. सर्वाधिक खर्च कच्च्या मालावर. लाटणं लालवर, बरोबर. त्याखालोखाल कांडपावर. लाटणं शोधतंय, शोधतंय, आणि सापडली ती जांभळी फट. उन्हात वाळून आक्रसलेल्या मिरचीएवढी. तिच्या बाजूला हिरवंगार रान पसरलेलं आणि त्याच्या टोकाला हेडलाइटवाली रिक्षा.

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला प्राचीचं वाक्य आठवलं. जेवढा वाटा तेवढा तुकडा. पायाखालची फरशी सरकली म्हणायची तर फरशीवर माझीच रांगोळी होती, तीही सरकली असती तर बरं झालं असतं.

"प्रवासावर एवढा खर्च होतो तुमचा?" मॅडमनी विचारलं.

आता इथे कोणीही शहाणी बाई काय म्हणाली असती? मॅडम, माझा जांभळा रंग संपला. चार शब्द. हसून विषय संपला असता. पण मी काडीचा फरक नाही म्हणून बसले होते ना! पाच वर्षं पहिली आलेल्या बाईने रंग संपला म्हणायचं? जीभच वळेना. मी म्हटलं, "हो ना मॅडम. आम्ही घरपोच देतो."

"कुठे कुठे?"

"सगळीकडे. उत्तन, काशीगाव, वरसावे."

मॅडमनी विचारलं, बसने जात नाही का? म्हटलं, मसाला आहे, बसमध्ये बाटली फुटली तर सगळी बस शिंकेल, रिक्षाच लागते. मॅडमनी विचारलं, कांडपाचा खर्च मात्र अगदीच थोडा दिसतोय. म्हटलं, गिरणीवाला घरच्यासारखा आहे. ज्या माणसाने फिलूला पायरीवर रडवलं त्याला मी भर सभेत घरचा केला. थापेला पाय नसतात म्हणतात, पण माझी थाप धावतच सुटली होती.

मॅडम म्हणाल्या, हिशोबाची वही जरा बघू शकते का? ज्योत्स्नाबेनच्या मांडीवर चोपडी होती. आयुष्यात खोटा आकडा न लिहिलेली ती बाई माझ्याकडे एकदा बघते, आणि पदर चोपडीवर ओढून घेत म्हणते, "चोपडी तो घर पे रह गई, मॅडम." म्हणजे माझ्यासाठी ती खोटं बोलली. मैत्री अशी असते. पण त्या मैत्रीने सुटकेचा शेवटचा दरवाजाही बंद केला, त्याला काय करणार?

एकच आशा उरली होती, डोक्यावरचा पंखा. रांगोळी उडू नये म्हणून तो बंद ठेवला होता आणि मॅडमच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी अगदी मायेने म्हटलं, "पंखा लावू का मॅडम? फार उकडतंय तुम्हाला." एक बटण दाबलं की सगळा जमाखर्च खिडकीतून बाहेर!

"नको, नको," मॅडम म्हणाल्या, "एवढी सुंदर रांगोळी उडून जाईल." आणि त्यांनी मोबाइल काढून दोन्ही गोलांचे फोटो घेतले. वेगवेगळे, आणि मग एकत्र.

मॅडम गेल्या. मग फिलूने पिशवी उचलली. जाताना ती उत्पन्नाच्या गोलापाशी थांबली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मंदा, माजा मसाला न् वाणाची पुडी येकाच मापाची हाय काय?"

मी म्हटलं, अगं, ते फक्त दिसायला बरं म्हणून.

"दिसायला बरं," ती म्हणाली, आणि गेली. ओरडली असती तर मी भांडले तरी असते. तिची वर्षानुवर्षांची मेहनत मी एका पाकळीत बसवली होती, तीही अर्ध्या आण्याच्या वाणाच्या शेजारी. मला माझीच लाज वाटली. खोटं कशाला सांगू, घरी येऊन मी रडले.

त्यात संध्याकाळी ज्योत्स्नाबेन आल्या. त्यांचं वेगळंच. खाकऱ्याचा धंदा एवढा वाढलाय हे त्यांना रांगोळी बघून कळलं होतं, आणि आता त्या भाचीलाही कामाला घ्यायचं म्हणत होत्या. म्हटलं, अहो, चोपडी तुम्हीच लिहिता ना? तर म्हणे, हां, लेकिन चोपडीमध्ये इतना अच्छा दिखता नाही.

प्राची ऑफिसातून आली. चप्पल काढायच्या आत विचारलं, मी दिलेला कागद दाखवलास ना? मी पर्स उघडून कागद तिच्या हातात दिला. घडीसुद्धा मोडली नव्हती. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता मॅडमना फोन करून खरं सांगून टाक. फिलूसाठी तरी सांग.

फिलूसाठी म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावून फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. 'मॅडम, माझी चूक झाली.' एवढंच. पण मॅडमनी मला बोलूच दिलं नाही.

"मंदाताई, बरं झालं फोन केलात," त्या म्हणाल्या. "मी कालच सहकाऱ्यांना सांगत होते. यंत्र मिळावं म्हणून कुणीही कांडपाचा खर्च फुगवून दाखवला असता. तुमचा थोडा आहे तर तुम्ही थोडाच दाखवलात. इतका प्रामाणिक आलेख मी पाहिला नाही."

सांगा, आता ह्यावर काय बोलायचं? प्रामाणिक म्हणवून घेतल्यावर खोटं बोलले होते हे सांगायला जो प्रामाणिकपणा लागतो, तो माझ्याकडे त्या सकाळी नव्हता. मी म्हटलं, थँक्यू मॅडम, आणि फोन ठेवला. प्राची समोर उभी होती. ती डबा घेऊन ऑफिसला गेली.

महिन्याभराने निकाल आला. कांडप यंत्र वरसाव्याच्या गटाला. त्यांनी म्हणे जुन्या कॅलेंडरच्या मागे आलेख काढला होता. गोल असा की कुणीतरी भाकरीचा लचका तोडावा, पण प्रत्येक वाटा बरोबर. आणि आम्हालाही रिकाम्या हाती ठेवलं नव्हतं बरं का. पत्रात लिहिलं होतं की आपल्या खर्चाच्या आलेखात प्रवासाचा मोठा वाटा लक्षात घेऊन आपल्या गटास एक मालवाहू तीनचाकी सायकल देण्यात येत आहे.

सायकल आली. पुढे मोठी पेटी, मागे सीट. चालवणार कोण? बाकी नऊ जणींनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. पन्नाशी उलटलेली मी, साडीचा काचा मारून तीनचाकीवर चढले. गल्लीत पहिला फेरा ठीक गेला. दुसऱ्या फेऱ्याला वळताना ती वळलीच नाही. भाजीवाल्याच्या हातगाडीने तिला थांबवलं. तो म्हणाला, भाभी, भेंडी चाहिए था तो बोल देते. मी मुकाट्याने दोन किलो भेंडी घेतली. घरात तीन दिवस सर्वाधिक वाटा भेंडीचा.

आता त्या सायकलच्या पेटीत सोसायटीने कढीपत्ता लावलाय. चांगला वाढतोय.

पण मसाल्याचं काय? उन्हाळा तर तोंडावर आला होता, आणि फिलू माझ्याशी बोलत नव्हती, गिरणीतही पाय ठेवायला तयार नव्हती. शेवटी मीच कमीपणा घेतला. वरसाव्याच्या गटाकडे गेले, त्यांच्या प्रमुख बाईंना सगळं खरं सांगितलं, रंग संपल्यापासून भेंडीपर्यंत. त्या एवढ्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग म्हणाल्या, आणा तुमचा मसाला, आमचं यंत्र आधी पुसून देऊ, मजुरीही गिरणीच्या पाचव्या हिश्श्याएवढीच घेऊ. मी तिथून फिलूला फोन लावला. हॅलो न म्हणताच सांगितलं, यंत्र पुसून देतायत. फिलू म्हणाली, कधी यायचं?

बोलायला लागली. मला बाकी काही नको होतं.

तर गेल्या उन्हाळ्यात आमचा सगळा मसाला वरसाव्याला कांडला गेला. खारीहून रिक्षात पोती घालायची, काशीगाव ओलांडायचं, पुढे वरसावे, तिथे रिक्षा थांबवून ठेवायची नाहीतर परतीची मिळत नाही, आणि मग तेच सगळं उलटं. आठवड्यातून तीन-तीन खेपा. पण काय मसाला झाला! फिलूने पहिली बाटली उघडून वास घेतला आणि डोळे मिटले, तेव्हा मला वाटलं, जाऊ दे, सगळं भरून पावलं.

परवा वर्षाचा हिशोब केला. ज्योत्स्नाबेननी चोपडीवरून आकडे वाचले, प्राचीने लॅपटॉपवर पुन्हा दोन गोल काढले. ह्या वेळी मी कशालाही हात लावला नाही, लांब खुर्चीवर बसले होते. उत्पन्नाच्या गोलात फिलूचा मसाला तेरा आणे. फिलूने तो तुकडा दोनदा बघितला, आणि साखर कमी असूनही चहा पूर्ण प्यायली.

मग प्राचीने खर्चाचा गोल काढला आणि निरखून बघितला. मोबाइल काढला, मॅडमनी पाठवलेला गेल्या वर्षीच्या माझ्या रांगोळीचा फोटो शोधला आणि लॅपटॉपशेजारी धरला. कच्चा माल आठ आणे. पॅकिंग दोन आणे. कांडप एक आणा. प्रवास पाच आणे. रेघेला रेघ लागत होती.

मी म्हटलं, बघा, माझी रांगोळी चुकलीच नव्हती, फक्त एक वर्ष आधी काढली होती. माझ्याशिवाय कोणी हसलं नाही.

फिलूने फोटो हातात घेतला, लॅपटॉप बघितला, परत फोटो बघितला. मग मोबाइल माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "बाय, तू काढतेस तसंच व्हतं हाय. उंद्या सकाली बस परत. न् ह्या येळेला हिरवा किलोभर रंग नफ्यात वत."